भिंतीवरचा कावळा आणि दाजींचं इंजिन

हाती घेतलेलं काम पुरं न करण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात मिळायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांच्या घरातलं घड्याळ उघडून ठेवलेलं, रेडिओची पाठ काढलेली, आणि शिवणयंत्राचं चाक तेल घालायला म्हणून सोडवलेलं, ते अजून माळ्यावर. विचारलं तर म्हणायचे, "पुरं झालेल्या कामाकडं कुणी बघतंय का? अर्ध्या कामाकडं माणूस रोज बघतो." यावर अक्का कपाळाला हात लावायची.

या अर्ध्या कामांचा राजा म्हणजे एक खेळण्यातलं वाफेचं इंजिन. दाजींच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेलं, विलायती. लाकडी पाटावर तांब्याएवढा पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, शेजारी एक चाक आणि वर बोटभर शिट्टी. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाले होते, म्हणजे जगातलं सगळंच मला कळत होतं. वाफेचा धडा मी दाजींना तोंडपाठ म्हणून दाखवला. ते शांतपणे "व्हय का?" म्हणाले आणि त्यांनी शिट्टीची चावी फिरवली. तो आवाज शिट्टीचा नव्हताच. आपलं नाव घेण्यासाठी कुणीतरी श्वास आत ओढावा आणि नाव घ्यायचं राहून जावं, तसा होता. मॅट्रिक पास बाई हातातल्या पळीसकट शेजारच्या घरात! वर संध्याकाळी येऊन मीठ-मोहरीनं इंजिनाची दृष्टही काढली. तेव्हापासून दाजी मला मॅट्रिकबाई म्हणतात.

पुढं बॉयलर गळायला लागला. दाजींनी इंजिन खोललं आणि ते पिठाच्या जुन्या डब्यात जाऊन बसलं. "एक तर चालवा, न्हाय तर मोडीत घाला," असं अक्का जन्मभर म्हणत राहिली, आणि गेल्या साली म्हणता म्हणताच गेली.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसलेला, पण शिवेना. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द दिल्याशिवाय तो उतरत नाही, म्हणून एकेक जण पुढं झाला. मुलगी म्हणाली, "आई, तुझी तुळस वाळू देणार न्हाय." मुलगा दाजींकडं बघत म्हणाला, "आण्णांना एकटं ठेवणार न्हाय." मी म्हटलं, "अक्का, तुझी जांभळी इरकल मी मागणार न्हाय." कावळ्यानं माझ्याकडं पाठ केली. अक्काला माझा स्वभाव ठाऊक. ऊन चढत गेलं. शेवटी दाजी पुढं आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बरं बाई, इंजिन चालू करतो." वाक्य संपायच्या आत कावळा पिंडावर होता. कुणी हसलं नाही. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

त्या दिवसापासून दाजी इंजिनाला भिडले आणि अंगणाच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसायला लागला. दाजींनी बॉयलरला डाख दिला, चिंच लावून पितळ उजळलं, पेनातली स्प्रिंग काढून वाफेच्या झाकणाला बसवली. काम करता करता भिंतीकडं बघून बोलायचे, "अगं, दमानं. करतोय की."

मध्यंतरी मी गेले ती दुपारची वेळ होती. सगळी गल्ली निपचित पडलेली, पान हलत नव्हतं. दाजी पाणी आणायला आत गेले तसं मी बोटानं इंजिनाचं चाक ढकललं. तुपात फिरावं तसं ते फिरलं. थांबलं. मी बोट काढून घेतलं होतं, तरी आणखी एक फेरा त्यानं आपल्या आपण मारला. शिट्टीतून बारीक श्वास आल्यासारखं वाटलं. दिवा तर पेटलेलाच नव्हता.

"दाजी, हे झालंय की!"

"छे छे. वॉशर हरवलाय."

"कुठं?"

दाजींनी भिंतीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मीच टाकला. मागच्या उकिरड्यावर. रोज टाकतो, मॅट्रिकबाई. सकाळी बघावं तर भिंतीवर ठेवलेला!"

मी हसले. ते हसले नाहीत. "हे एकदा चाललं की तिचं काम झालं," ते म्हणाले. "मग ती कशाला येईल?"

मी भिंतीकडं पाहिलं. टिकलीएवढा तांब्याचा वॉशर तिथं उन्हात चमकत होता. कावळ्यानं मान तिरपी केली. आमटीत मीठ विसरलं की अक्का माझ्याकडं अगदी असंच बघायची.

"जन्मभर मागं लागली," दाजी पुटपुटले, "आता कुठं सोडती."

मी उठले, वॉशर उचलला आणि बटव्यात टाकला. "हा मी नेते. परंड्याच्या उकिरड्यावरनं ती उचलंल, पण धाराशिवला माझ्या घरी कशाला येतीय?"

दाजींचा चेहरा खुलला. "शिकलेल्या बाईचं डोकंच लई!" एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच ऐकलं, त्यामुळं एसटीत मी अंमळ ताठच बसले होते.

परवा सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कावळा होता. कावळे काय, सगळे सारखेच दिसतात. पण मान तिरपी होती. पूर्वीची मॅट्रिकबाई पळी घेऊन पळाली असती. मी बटवा कमरेला घट्ट खोचला, पोळीचा तुकडा खिडकीत ठेवला आणि हळूच म्हटलं, "अक्का, बस की जरा. एवढी कसली घाई आहे तुला?"