जयवंताचं ‘हाव’

जयवंता खोटं बोलली असं कोनी म्हनलं की माह्यं डोस्कं भनकते. मंग तो कोनीही असो. परवा जठारपेठेत आमच्या घरी आलेल्या एका पाहुनीनं ती विलायतेची गोष्ट काढली. “थे नाई का, झूमदी पोट्टी हरवली अन् वरून खोटं बोलली, म्हनून तिले परत धाडून राहिले होते,” म्हने! अर्धवट ऐकाचं अन् तिखटमीठ लावून गावभर सांगाचं. मी तिच्या पुढ्यातली चहाची बशी उचलून नेली नाई, हे तिचं नशीब. म्हनून एकदा सगळं सांगते. मी तिथं होती, अन् माह्या डोळ्यानं पाह्यलं आहे.

जयवंता नांदगाव खंडेश्वराकडची. बाप डोमाजी लोकायच्या वावरात मजुरी करे. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली अन् त्याच साली जयवंता मॅट्रिक पास झाली. डोमाजीचं एकच सांगनं होतं, पोरीनं आता कोनापुढं मान खाली घालून बोलाचं नाई. बोलाले सोपं आहे हो! ज्या घरानं पिढ्यान् पिढ्या पाटलासमोर ‘हाव जी’ शिवाय तोंड उघडलं नाई, तिथली पोट्टी एकदम गर्जना कराले लागते का? आमी दोघी अकोल्याच्या दवाखान्यात नर्सिंगले सोबत होतो. ती इतकी हळू बोले की डॉक्टर तिले प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत. पन हात असा, की रडून रडून निळं पडलेलं लेकरू तिनं घेतलं की गप्प. माही आय पहिले तिच्या हातचं पानी घेत नव्हती. मी आयशी असा अबोला धरला की शेवटी तीच जयवंताले डबा धाडाले लागली.

एकसष्ट साली आमची दोघींची विलायतेले पुढचं शिकाले निवड झाली. बोटीतल्या उलट्या अन् तिथली थंडी सोडून देते, ते रडगानं नंतर कवातरी. सांगाची गोष्ट ही, की पहिलं वर्ष परीक्षेचं होतं. वर्ष सरलं की दवाखान्याची मेट्रन ठरवनार, पोट्टीले ठेवाचं का परत धाडाचं. माहं काय, मले परत धाडलं असतं तर बापानं लगन लावून दिलं असतं अन् गोष्ट संपली असती. जयवंताचं तसं नव्हतं. तिच्या वस्तीतल्या पोरी तिच्याकडं पाहून शाळेत जाऊन राहिल्या होत्या. ती अर्ध्यातून परत आली असती, तर “पाह्यलं न, काय उजेड पाडला?” असं म्हनून त्या पोरीयच्या हाती पाटीच्या जागी खुरपं आलं असतं. हे तिले पक्कं माहीत होतं. रोज झोपताना ती मले विचारे, “इंदू, ठेवतीन न वं मले?” मी म्हनो, “झोप मुकाट्यानं.”

ऑक्टोबर महिना लागला. वार्डातल्या बऱ्या होत आलेल्या पोरायले एक दिवस झूमदी फिरवून आनाचं ठरलं. शहराबाहेर टेकडीवर मोठ्ठा झू होता, वाघ, हत्ती, अस्वलं, सगळं. आमी दोघी, आनखी काही नर्सा, अन् सगळ्यांवर मुख्य म्हनून विल्कॉक्स नावाची स्टाफ नर्स. बाई मुळात वाईट नव्हती. पन घाई अशी, की उत्तर ऐकाच्या आधीच पाठ फिरवे.

पोरायमदी सूझन होती. पाच वर्षांची, लाल केसांची, हृदयाच्या दुखन्यातून नुकती उठलेली. तिनं पळाचं नाई, चढाचं नाई, दमाचं तर बिलकुलच नाई, अशी डॉक्टरची सक्त ताकीद. म्हनून तिले विल्कॉक्सबाईनं स्वतःपाशी ठेवलं. बाकीची पोरं आमाले वाटून दिली.

सकाळ मजेत गेली. अस्वलाचा खड्डा पाहून जयवंता हळूच मले म्हने, “आपल्या चिखलदऱ्याकडं लोकं याच्यापासून पळतात, अन् इथं तिकीट काढून पाहाले येतात वं!” पोरं हत्तीले पाव चारून राहिली होती. दुपारी विल्कॉक्सबाईनं सूझनले बाकावर बसवलं अन् ती दूध आनाले गेली. परत येते तर बाक रिकामा.

जयवंता जरा लांब, हत्तीच्या कठड्याशी, पोरायच्या घोळक्यात होती. विल्कॉक्सबाईनं तिकडूनच ओरडून विचारलं, “सूझन इझंट विथ यू?”

म्हनजे, सूझन तुझ्याजवळ नाई?

जयवंतानं आपल्या पोरायकडं एकदा पाह्यलं अन् म्हनलं, “यस, स्टाफ!”

आता मले सांगा, ती काय चुकली? आपल्याकडं कोनी विचारलं, “बाळ्या नाई का तुझ्यापाशी?” अन् बाळ्या नसला, तर आपन काय म्हनतो? “हाव.” हाव म्हनजे बरोबर बोलले तुमी, नाई तो माह्यापाशी. तिनं मनातल्या हावचं यस केलं, बस. पन त्या लोकायचं उलटं. त्याईच्या भाषेत तिथं यस म्हनलं की त्याचा अर्थ, आहे न, सूझन आहे माह्याजवळ! विल्कॉक्सबाईचा जीव भांड्यात पडला. ती निवांत चहा प्याले गेली. इकडं जयवंताले वाटलं, बाईले सांगून झालं, आता बाई शोधून राहिली असन. अन् ती हृदयाची दुखनेकरी पोट्टी एकटी कुठं भटकून राहिली होती, ते कोनालेच माहीत नव्हतं.

हे सगळं मी आता सांगून राहिली. तवा मी माह्या वाट्याची पोरं घेऊन दुसरीकडं होती, मलेही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मोटारीत बसताना पोरं मोजली, तर सूझन नाई. विल्कॉक्सबाई जयवंताकडं वळली, “कुठं आहे ती?”

“मले माहीत नाई, स्टाफ.”

“तू म्हनाली होती, तुझ्याजवळ आहे!”

“नाई, स्टाफ. मी म्हनलं होतं, नाई माह्याजवळ. मी यस म्हनलं होतं.”

विल्कॉक्सबाईचं तोंड लालबुंद झालं. बाकीच्या नर्सा एकमेकींकडं पाहाले लागल्या. यस म्हनलं होतं म्हनजे नाई म्हनलं होतं, हे कोनाले पटंल? मलेही क्षणभर वाटलं, ही घाबरून काहीतरी बरळून राहिली. विल्कॉक्सबाई सगळ्यायसमोर म्हनाली, “तू खोटारडी आहेस. पोरीले काही झालं तर तू जबाबदार. उद्या मेट्रन तुले पहिल्या बोटीनं घरी धाडंल. आता मोटारीत बस अन् जागची हलू नको.”

माह्या अंगाचा नुसता भडका उडाला. पन बोलू काय? मले तरी काय कळलं होतं?

झूचे रखवालदार शिट्ट्या वाजवत पळाले. भोंग्यावरून सूझनच्या नावाचा पुकारा झाला. धुकं उतरून राहिलं होतं, दिवे लागले नव्हते, अन् बाकीचे लोकं घरी चालले होते. जयवंता मोटारीत बसली होती. हात मांडीवर, डोळे कोरडे. मी म्हनलं, “रडून घे वं बाई.” तर ती उठली अन् खाली उतरली. विल्कॉक्सबाई मागून ओरडली. या पोट्टीनं जन्मात पहिल्यांदा मोठ्या मानसाचा शब्द मोडला अन् पळत सुटली. मी तिच्या मागं.

हत्ती पाह्यले, माकडं पाह्यली, पाखरायचे पिंजरे पाह्यले. कुठं पत्ता नाई. मंग अस्वलाच्या खड्ड्याकडून बारीक कण्हण्याचा आवाज आला.

माय वं! खड्ड्याभवती कंबरेएवढी भिंत होती. भिंतीच्या आतल्या अंगानं खाली एक अरुंद ओटा, अन् त्याच्याखाली सरळ अस्वलं. सूझनची लोकरीची टोपी आत पडली असन, ती काढाले म्हनून पोट्टी भिंतीवरून तिकडं उतरली होती. आता वर येता येईना. भिंतीतल्या लोखंडी कडीले दोन्ही हातानं धरून उभी होती. ओठ निळे पडलेले, श्वास भात्यासारखा चाललेला. दोन अस्वलं खाली मान वर करून तिलेच पाहून राहिली होती.

रखवालदाराले हाक माराले मी तोंड उघडलं, तर जयवंतानं माहा दंड दाबला. पोट्टी दचकली असती तर गेलीच असती. जयवंता भिंतीवर पालथी पडली अन् खाली हात सोडले. मी तिचे पाय धरले.

“सूझन,” ती हळू म्हनाली, “कडी सोड. माह्या हातात हात दे.”

पोट्टीनं वर पाह्यलं. एक हात कडीवरून जरासा उचलला. अन् विचारलं, “यू वोंट लेट गो?”

तू सोडनार नाई न मले?

जयवंता जिवाच्या आकांतानं म्हनाली, “यस! यस, सूझन!”

पोट्टी किंचाळली. तिनं हात मागं घेतला, तिचा एक पाय घसरला, ओट्यावरची माती खाली गेली अन् एक अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राह्यलं.

“यस, बाळा, यस!” जयवंता अजून जोरानं सांगून राहिली होती, अन् ती जितकं सांगे तितकी पोट्टी भिंतीले चिपकून मागं सरके. समजलं मले! हीच गोष्ट दुपारी झाली होती! पोट्टी विचारून राहिली सोडनार नाई न, अन् ही तिले सांगून राहिली, हाव, सोडते!

“जयवंता, नो म्हन!”

“काय?”

“नो म्हन तिले! नो!”

“येडी झाली का तू? लेकरू विचारून राहिलं सोडनार नाई न, अन् मी त्याले नाई म्हनू?”

“हाव! त्याईचं उलटं असते! तुले माही शपथ आहे, नो म्हन!”

मरनाच्या दारात उभ्या लेकराले नाई म्हनाचं, हे जयवंताच्या जिभेवर येईना. मंग म्हनाली, “नो, सूझन. नो. नो, नो, नो.”

पोट्टीनं कडी सोडली अन् हात वर केला.

आमी तिले ओढून काढलं तवा भिंतीच्या या बाजूनं तिघीही चिखलात पडलो. सूझन जयवंताच्या गळ्याले अशी चिपकली की दवाखान्यापर्यंत सुटली नाई. डॉक्टरनं तपासलं, रात्रभर पाह्यलं, पोट्टी सुखरूप होती.

वाटलं न तुमाले, संपलं? मलेही वाटलं. सकाळी मेट्रनचं बोलावनं आलं. विल्कॉक्सबाईचं म्हननं एकच, पोट्टी वाचवली हे कबूल, पन ती हरवली हिच्याच खोट्यामुळं. खोटं बोलनारी नर्स पोरायच्या वार्डात कशी ठेवाची? बरोबर आहे, खोटं बोलनारी नकोच. जयवंतानं उठल्याबरोबर आपली ट्रंक भरून ठेवली होती. ते पाहून माहा असा संताप झाला की बोलावनं तिचं एकटीचं असून मी सोबत आत घुसली.

मी मेट्रनले सगळं सांगितलं. आमच्या वऱ्हाडात असं विचारतात, असं उत्तर देतात, तुमचं यस वेगळं, आमचं हाव वेगळं. माह्या इंग्रजीचं रागानं पार भजं झालं होतं. मेट्रन ऐकून घेतल्यावर म्हनाली, “तू गप्प राह्य. मले हिच्या तोंडून ऐकाचं आहे.” अन् जयवंताकडं वळून विचारलं, “सो, यू डिड नॉट लाय?”

म्हनजे तू खोटं बोलली नाई?

घ्या! पुन्हा तेच! जयवंतानं तोंड उघडलं अन् मिटलं. यस म्हनावं तर त्याईच्या भाषेत खोटारडी. नो म्हनावं तर आपल्या भाषेत खोटारडी. कालपासून तिले कोनत्याच शब्दावर पाय ठेवता येत नव्हता. विल्कॉक्सबाई हळूच म्हनाली, “पाह्यलं? उत्तर नाई तिच्याजवळ.” जयवंताची मान खाली गेली. मी मनात म्हनलं, गेली. डोमाजीची पोरगी गेली परत.

अन् तिनं मान वर केली. मेट्रनच्या डोळ्यात डोळे घालून, वार्डाच्या दुसऱ्या टोकाले ऐकू जाईन इतक्या मोठ्यानं म्हनाली, “मेट्रन, आस्क मी स्ट्रेट.”

मले सरळ विचारा.

त्या खोलीत मेट्रनले असं आजवर कोनी म्हनलं नसन. विल्कॉक्सबाईचं तोंड उघडंच राह्यलं. मेट्रननं चष्मा काढला, पुसला, परत लावला. अन् सरळ विचारलं, “डिड यू लाय?”

“नो,” जयवंता म्हनाली.

मेट्रननं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाह्यलं. मंग म्हनाली, “वार्डात जा. पोरायच्या दुधाची वेळ झाली आहे.”