दुसरा नंबर

अमेरिकेतल्या डुलुथच्या आमच्या रक्तपेढीत रक्ताच्या नोंदी ठेवणारे दोन सर्व्हर होते. एक बंद पडला की दुसऱ्यानं आपोआप काम हातात घ्यायचं. ही सोय आमच्या कम्प्युटर विभागातल्या अर्विड होल्मक्विस्टनं बंद करून ठेवली होती. एकदा दोन्ही सर्व्हर स्वतःलाच मुख्य समजून बसले आणि रक्ताची एकच पिशवी दोन रुग्णांच्या नावावर चढली, तेव्हापासून त्याचा हा हट्ट. "आधी मला सिस्टीमचा फोन येईल. मी हो म्हटलं तरच दुसरा चालू होईल."

"आणि तू मेलास तर रे?" मी चिडून विचारायचे.

"मग तुझी कटकट तरी थांबेल!"

फेब्रुवारीत दारातला बर्फ उपसताना तो गेला. शुक्रवारी आमचा सगळा कम्प्युटर विभाग चर्चमध्ये त्याच्या शवपेटीपुढे उभा असताना मुख्य सर्व्हर बंद पडला. अर्विडचा फोन त्याच्या रिकाम्या घरात वाजत राहिला. पन्नास मिनिटं रक्तपेढीत योग्य पिशवी सापडेना. तेवढ्या वेळात ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई गेली.

त्याला शिव्या घालतच मी त्या संध्याकाळी सेटिंग उघडली. त्यानं फोन उचलला नाही तर दुसरा नंबर लागणार होता. तो माझा होता. त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

चर्चमध्ये शिरताना, त्याला मान द्यायचा म्हणून, मी माझा फोन बंद केला होता.