यादीतलं सहावं नाव

अमळनेरजवळच्या एका खेड्यात मी ग्रामसेवक होतो. पंचायतीच्या भोंग्यावरून गावाला निरोप देणारे तिथले म्हातारे शिपाई अजून आठवतात. बोलण्याआधी ते टोपी सारखी करत, माइकवर टिचकी मारत. पाणी कधी सुटणार, कोण वारलं, सगळं एकाच संथ आवाजात सांगत.

त्या वर्षी गावठाणातली अतिक्रमणं काढायचा ठराव ग्रामसभेत झाला. ज्यांची घरं पाडायची त्यांची यादी मीच टाइप केली. सहावं नाव या शिपायांचंच होतं.

कागद देताना मी म्हणालो, "आबा, आज मी वाचतो."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि माइक ओढून घेतला. सहावं नावही त्यांनी न अडखळता, वडिलांच्या नावासकट वाचलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊसाहेब, बठ्ठासनं नाव वाचं. मन्हंच सोडी दिसू तर लोके काय म्हनतीन?"

"सगळ्यांची नावं वाचलीत, स्वतःचं सोडलं नाहीत, ते खरं; पण घरी आजींना सांगितलं होतं का?"

"नही. आत्ते आयकं व्हई तिनी." म्हणजे आजींनीही ते आत्ताच, भोंग्यावरून ऐकलं होतं.

कार्यालय बंद करायची वेळ झाली, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. घरी जा, असं त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.