तुळसाक्का आणि पहिलं पिवळं दूध

तुळसाक्का गेल्याचं मला कॅसलरॉकच्या फलाटावर कळलं. मी परगावी होते, ती आजारी आहे म्हणून भेटायलाच निघाले होते. न्यायला आलेला गाडीवान बैलांकडे बघतच म्हणाला, "अक्का सकाळी गेली." आमच्या गावापर्यंतची, कुंभारवाड्याची वाट कशी सरली ते आठवत नाही. आज महिन्याभराने लिहायला बसले, तर आधी अंगात उत्साह संचारतो, डोळे मागाहून भरतात. बाईच तशी होती!

तुळसाक्का माझी थोरली नणंद. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माहेरी राहून भात आणि गुरं बघायची. मी खानापूरकडची, लग्न होऊन या रानात आलेली. माझा पहिला मुलगा आठवडाभरही जगला नाही. तेव्हा घरोघरी चाल अशी, की बाळंतिणीचं पहिलं पिवळं, दाट दूध नासकं समजून पिळून टाकायचं आणि दूध पांढरं होईपर्यंत बाळाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली वात चोखायला द्यायची. त्यालाही तेच दिलं होतं. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, इवलीशी, रडायलाही जोर नसलेली. सासूबाई गुळपाण्याची वाटी घेऊन आल्या.

त्याच सकाळी गोठ्यात गाय व्याली होती. खरवस आमच्याकडे सगळ्यांच्या आवडीचा, पण वासरू तो पहिला चीक पोटभर प्यायल्याशिवाय सासूबाई कुणाला कासेला हात लावू देत नसत. तुळसाक्का गोठ्यातून आली ती थेट बाळंतिणीच्या दारात.

"आये, वासराला चीक न्हाई मिळाला तर काय हुतंय?"

"उभं ऱ्हाईत न्हाई. मरतंय."

"मग हिचा चीक का ओतून टाकतीस?"

"ते जनावर हाय गे!"

"व्हय. आन हे मानूस हाय, म्हनून उपाशी ठेवायचं?"

सासूबाई संतापल्या. तुळसाक्काचा आवाज मात्र एकदम खाली आला. "माझी दोन गेली, आये. गुळपानी चोखत गेली. हिला तरी पाजू दे..."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. तुळसाक्काने बाळ माझ्या छातीशी धरलं. धीट म्हणावी तर दिवसभर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही, नुसती बाळाच्या तोंडाकडे बघत बसली. तिन्हीसांजेला बाळाला काळी, चिकट शी झाली, आणि ही अंगणात जाऊन ओरडली, "झाली गे, झाली! पोट मोकळं झालं!" सगळी वाडी गोळा झाली. पुढे मुलीने मान धरली, कूस बदलली, प्रत्येक वेळी हिची दवंडी ठरलेली. आता डॉक्टर सांगतात, त्या पिवळ्या दुधात रोगाशी झुंजायचं बळ असतं. तुळसाक्काला हे कुठे ठाऊक होतं? तिने वासरावरून अंदाज बांधला. तीच मुलगी आज दोन लेकरांची आई आहे.

त्यानंतर वाडीत कुणीही बाळंत झाली, की हिची कुंपणावरून हाक जायची, "पयलं पाजलं काय?" बायका चिडवायच्या, ही हसून पुन्हा विचारायची.

ती गेल्यावर आम्ही सुतकात असतानाच शेजारची सून बाळंत झाली. लेक गेल्यापासून सासूबाई एका जागी बसून होत्या, डोळ्यांत टिपूस नाही. बाळाचं रडणं ऐकून त्यांनी माझा हात धरला, चाचपडत कुंपणापर्यंत आल्या आणि कापऱ्या आवाजात विचारलं,

"पयलं पाजलं काय गे?"

"व्हय आज्जे, पाजलं!" पलीकडून उत्तर आलं.

तेव्हा कुठे त्या लेकीसाठी रडल्या.