बोथची वायर

वाघमारे सरांना मी शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी तब्येतीचा विषयच काढू दिला नाही. दवाखान्यातल्या कॉटवरून एवढंच विचारलं, "बोथची वायर काढून पाह्यली का?" मी म्हटलं, "काढली सर. सगळं चालू राहिलं." "मंग बरं," म्हणाले आणि डोळे मिटले... मी वायर काढली नव्हती. चौथ्या दिवशी सर गेले. महिना होत आला, ते खोटं अजून सलतंय.

मी आजऱ्याची. नववीत शाळा सुटली, लग्न होऊन एवढ्या लांब आदिलाबादला आले. सर शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेले. आदिलाबाद, मावला, बोथ अशा तीन ठिकाणी त्यांचं छोटं इंटरनेटचं जाळं होतं. मी तिथं गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला लागले. तेलुगू येईना, इंग्रजी तर नाहीच. दुसरं कुणी असतं तर चार दिवसांत घरी बसवलं असतं. सरांनी राउटरपुढं बसवलं. "काऊन भेतं वो, आजरेकरीण बाई? चावत नाही ते."

तेव्हा प्रत्येक राउटरमध्ये आम्ही वाटा हातानं लिहायचो, की बोथला जायचं तर या लाइननं. लाइन तुटली की बोथ बंद, आणि फोनवर शिव्या. म्हणून सरांनी डायनॅमिक राउटिंग बसवायला घेतलं. त्यात राउटर एकमेकांना वाटा कळवतात. सरळ लाइन गेली तर मावल्यावरून फिरून जायचं, हे त्यांचं तेच ठरवतात. जुन्या वाटा पुसायचं काम माझ्याकडं होतं. मी सगळ्या पुसल्या, बोथची एक ठेवली. असू दे म्हटलं, सोबतीला. आठवड्याच्या आत रस्त्याच्या खोदकामात लाइन तुटली आणि बोथ गेलं. हातानं लिहिलेलं राउटर आधी मानतो; मावल्याची वाट मोकळी असून तो तुटलेल्या लाइनीवरच पाठवत बसला. तिकडं बोथच्या सेवा केंद्रात दाखल्यांसाठी आलेली माणसं उन्हात उभी. मला वाटलं, आता घरचा रस्ता. सरांनी ती ओळ पाहिली आणि हसले. "भेव वाटलं तं मले सांगत जाय, बाई. राउटरात लपवून नको ठेवू."

पुढं दर सोमवारी, ऐन कामाच्या वेळी, सर स्वतः बोथच्या सरळ लाइनची वायर उपटायचे आणि चहा बशीत ओतायचे. बशी संपायच्या आत मावल्याची वाट लागली पाहिजे, हा त्यांचा नियम. आजारी पडल्यावर ते काम मला दिलं. तीन सोमवार मी वायरीला नुसता हात लावून परत फिरले, आणि सर गेल्यावर तर तिकडं फिरकलेच नाही...

परवाच्या सोमवारी चहा केला. त्यांच्याच टवका गेलेल्या बशीत ओतला आणि वायर काढली. स्क्रीनवर बोथ लाल झालं. मग हिरवं. तरी विश्वास बसेना, म्हणून बोथच्या केंद्रातल्या सुरेशला फोन लावला.

"नेट चालून राह्यलं का रे?"

"चालून राह्यलं ना. काऊन, का झालं?"

काही नाही म्हणणार होते.

"वायर काढली आहे," मी म्हटलं, "आणि मला लई भ्या वाटतंय."

बशीतल्या चहावर साय आली होती.