पंखावर नसलेले ठिपके

सोनगीरच्या किल्ल्यावर मी चार वर्षं एकच फुलपाखरू शोधत होतो: छोट्या चांदव्याची मादी. बिबळ्या कडवा हे दुसरं फुलपाखरू अळी असताना रुईचा पाला खाऊन विषारी होतं, म्हणून पक्षी त्याला टाळतात. ही बया रुईला तोंडही लावत नाही, नुसते त्याचे नारिंगी कपडे घालून बिनधास्त फिरते.

शाळेतला माझा सहकारी पहिल्यांदाच सोबत आला आणि त्यानं मोबाइलवर तिलाच टिपलं. मागच्या पंखाच्या मधोमध कडव्याला असतात ते काळे ठिपके फोटोत नव्हते. माझ्या पोटात दुखलं.

"कडवाच आहे. इथे ढिगानं असतात," मी म्हणालो.

त्यानं फोटो लगेच पुसून टाकला. "भाऊ, नजर असावी तर तुमच्यासारखी!"