दादांची दारातली जागा

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असायचं, ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा, आणि तो द्राक्षरस आमच्या घरी तयार व्हायचा. द्राक्षरस म्हणायचा आपला. शनिवारी दुपारी काळे मनुके भिजत घालायचे आणि रविवारी सकाळी आई ते कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायची. बोटभर उंचीचे काचेचे पेले होते, एकेचाळीस. मंडळीत बाप्तिस्मा झालेली माणसं तेवढीच होती. आई थेंबही न सांडता ते भरायची. बाजारातून मनुके आणायचे दादा, म्हणजे माझे वडील. त्या दुष्काळी वर्षात टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे राहायचे तेही दादाच. पेले घासून ठेवायचे तेही दादाच. आणि चर्चच्या पाळकांनी भाकर मोडायला घेतली, की मागच्या मागे उठून बाहेर जायचे तेही दादाच.

बाहेर म्हणजे फार लांब नाही. चर्चच्या दाराबाहेर कडुनिंब होता, त्याच्या सावलीत, एक हात चौकटीवर ठेवून ते उभे राहायचे. शेवटचं गीत सुरू झालं की आत येऊन पुन्हा मागच्या सतरंजीवर बसायचे. लहानपणी मला वाटायचं, चपला राखायचं काम त्यांच्याकडे दिलेलं आहे. मैत्रिणींना मी तसं ऐटीत सांगायचेसुद्धा.

खरं कारण मला दहावीत कळलं. प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं, आणि आमच्या घरात बाप्तिस्मा फक्त आईचा झाला होता. दादा सरकारी कचेरीत शिपाई होते आणि कागदावर हिंदू मातंग होते. बाप्तिस्मा घेतला, मंडळीच्या रजिस्टरात नाव चढलं, की जातीचा दाखला गेला. दाखला गेला की सवलती गेल्या, माझी शिष्यवृत्ती गेली. शेजारच्या बौद्ध मावशी आईला टोमणा मारायच्या, "आमी तर उघड धर्म बदलला, तुमचं आपलं आत एक न् बाहेर एक." आई तांदूळ निवडत राहायची. दादा हसून म्हणायचे, "बाहेरचाच हाय मी, मावशी. आत हाय ती ही."

माझं शिक्षण संपलं तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादला घालावे लागणारे हेलपाटे संपले म्हणून लोक खुशीत होते. रोज नवं ऑफिस उघडत होतं, नव्या टेबलांना वार्निशचा वास येत होता आणि जागा भरायच्या होत्या. दादा आता कलेक्टर कचेरीत पाणी द्यायचे. त्याच कचेरीत क्लार्कच्या राखीव जागेसाठी मी अर्ज केला होता, लेखी परीक्षा पास झाले होते, मुलाखतही झाली होती. अर्जाला माझा जातीचा दाखला आणि त्याच्याखाली दादांचा दाखला जोडलेला होता. रेणापूरकडच्या एका मास्तरांची नोकरी निनावी अर्जावरून गेल्याचं आम्ही ऐकलं होतं. कुणीतरी रजिस्टरच्या पानाची नक्कल पाठवली होती म्हणे. तेव्हापासून मंडळीचं ते जाड रजिस्टर दिसलं की मी नजर वळवायचे.

अशा वेळी नांदेडचे सर आमच्याकडे येऊ लागले. विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर ते नकाशे काढायचे. किडकिडीत, चष्मेवाले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. शनिवारी एसटीनं यायचे आणि मंडळीत बायबलचा शास्त्राभ्यास घ्यायचे. त्यांची शिकवण एका वाक्यात सांगायची तर अशी: ख्रिस्तानं सगळ्यांसाठी नुसती सोय करून ठेवली नाही, जे त्याचे होते त्यांना त्यानं वधस्तंभावर खरोखर सोडवलं, आणि जे त्याचे नव्हते त्यांच्यासाठी तो मेलाच नाही.

आमचे पाळक भडकले. ते गोल, मोठ्या आवाजाचे, कुणाच्याही घरी हक्कानं चहा मागणारे गृहस्थ. ख्रिस्त साऱ्या जगासाठी मेला, एकालाही वगळून नाही, हे सांगताना ते दोन्ही हात इतके पसरायचे की पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकायची. मला अर्थातच पाळक आवडायचे. सरांना मी मनातल्या मनात शिष्ट म्हणायचे.

भांडण चर्चमध्ये राहिलं नाही. पाऊस नाही, काम नाही, डोकी तापलेली. टँकरच्या रांगेतसुद्धा तोच विषय.

"पाळकाचं बरं हाय. समद्यांसाठी मेला म्हणतात."

"समद्यांसाठी मेला तर समदे तरले का न्हाईत मग?"

"अन् निवडलेल्यांसाठीच मेला तर आपन निवडलेलं हाव का न्हाई, ते कुनी सांगायचं?"

दादा घागर पायाशी ठेवून हे सगळं ऐकत उभे असायचे. घरी आले की आईला विचारायचे, "तुला काय वाटतं?" आई म्हणायची, "मला वाटून काय उपेग? त्यानं मरायचं ते मेला. भाजी काय करू?"

त्याच उन्हाळ्यात दादा कचेरीचा जिना चढताना खाली बसले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, जपा. दादांनी ते आम्हाला हसत सांगितलं, साहेब लोकांचंसुद्धा एवढं मोठं नसतं म्हणाले. एका संध्याकाळी मी कंदिलाची काच पुसत होते, तेव्हा ते म्हणाले, "माय, मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

माझ्या हातात काच तशीच राहिली.

"आत्ता?"

"मग कवा?"

"दादा, ऑर्डर हातात येऊ द्या. तेवढंच. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

ते उठले आणि म्हणाले, "बरं." आईनं हे चुलीपाशी बसून ऐकलं. दादा अंगणात गेल्यावर ती उठून माझ्यासमोर आली. "ती नौकरी काय त्यांच्या संगं जानार हाय का? डॉक्टर काय म्हनला, ऐकलंस न्हाई का तू?" मी उलटून बोलले, की मग खायचं काय, तुमची गीतं? असं बोलले मी. त्यानंतर दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही.

शेवटी मंडळीनं ठरवलं की एका रविवारी उपासनेनंतर दोघांनी समोरासमोर बसून हा वाद मिटवावा. तो रविवार प्रभुभोजनाचा होता. दादा बाहेर गेले, पेले फिरले, गीत झालं, दादा आत आले. मग दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. पत्रे इतके तापले होते की बायका पदरानं वारा घेत होत्या.

दोन तास चाललं. पाळक बायबलमधली ‘साऱ्या जगासाठी’ म्हणणारी वचनं काढायचे, सर ‘माझ्या मेंढरांसाठी’ म्हणणारी. पाळक टेबलावर थाप मारायचे, सर चष्मा पुसायचे. आवाज चढत गेले. पुरुषांच्या बाजूला दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात आले. मंडळीचे सेक्रेटरी हात जोडून "बसा, बसा" म्हणत होते. मला ही सगळी चर्चा पोटभरल्यांची वाटत होती. मला पुढच्या आठवड्यात लागणाऱ्या यादीची काळजी होती, आणि ही माणसं भलत्याच यादीवरून भांडत होती.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून दादा उठले. चर्चमध्ये ते कधी बोलत नसत. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मला एवढंच सांगा," दादा म्हणाले, "माझ्यासाठी मेला का न्हाई?"

आईचा पदर हलायचा थांबला.

पाळक आधी उठले. "तुमच्यासाठीसुद्धा मेला! हेच तर मी सांगतोय. पण त्यानं दार उघडलं आणि तुम्ही वीस वर्षं दाराबाहेर उभे आहात. आत यायचं की नाही ते तुमच्या हातात आहे. बाहेर राहून मेलात, तर त्याचं मरण तुमच्यापुरतं वाया गेलं."

दादांचा चेहरा उतरला. मी सरांकडे पाहिलं. आता हा माणूस काय बोलणार, याचीच मला भीती होती.

सर बसूनच बोलले. "यादी माझ्याकडे नाही. पण ज्याच्यासाठी तो मेला त्याच्यापुरतं ते वाया जाऊ शकत नाही. तो माणूस दारात उभा असो नाहीतर कुठंही. आणि ज्याला या प्रश्नानं असं उभं केलंय, तो परका आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही."

सगळ्यांसाठी म्हणणाऱ्यानं दादांना बाहेर ठेवलं होतं आणि थोड्यांसाठी म्हणणाऱ्याला ते जमलं नव्हतं. मला हे तेव्हाच्या तेव्हा कळलं, आणि माझ्या सगळ्या आवडीनिवडी चुकल्याचा राग आला.

पाळकांना ते झोंबलं असावं. पण ते वाईट नव्हते, दादांवर त्यांचा जीव होता. ते पुढे झाले आणि म्हणाले, "मग थांबायचं कशाला? घागरीत पाणी आहे. आज, आत्ता बाप्तिस्मा घ्या. सेक्रेटरी, रजिस्टर आणा."

रजिस्टर आलं. टेबलावर उघडलं गेलं. सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. कुणीतरी घागर पुढे आणून ठेवली, सकाळी दादांनीच भरून आणलेली. दादा दोन पावलं पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी माझ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लग्नातल्या फोटोतसुद्धा ते असे दिसत नाहीत.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही म्हणून. अगदी थोडी, तोंडावरची माशी उडवावी तेवढी.

दादा थांबले. घागरीकडे बघत म्हणाले, "आज न्हाई, पाळकसाहेब. घरी विचारून आलो न्हाई."

अख्खी मंडळी हसली. त्यांचं घर तर तिथंच बसलं होतं, बायकांच्या रांगेत. "बघा," कुणीतरी म्हणालं, "समद्यांसाठी मेला, पन घेनाराच तयार न्हाई." दादाही हसले. भित्रा, नोकरीला चिकटलेला माणूस असं नाव त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःला लावून घेतलं आणि जाऊन सतरंजीवर बसले. आई हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

लोक पांगल्यावर मी सरांना तांब्यातून पाणी द्यायला गेले. त्यांना नांदेडची गाडी गाठायची होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझे वडील खोटं बोलले ना?"

मी तांब्या परत घेतला.

"मी बघत होतो," ते म्हणाले. "ऑर्डर आली की त्यांना आणखी थांबवू नकोस."

"नाही थांबवणार," मी म्हणाले.

ऑर्डर आठ दिवसांनी आली. दादांनी कचेरीतल्या सगळ्यांना पेढे वाटले. मग मी म्हणाले, कागदांची पडताळणी होऊ द्या. पडताळणी झाली. मग म्हणाले, प्रोबेशन संपू द्या, तेवढं एकच राहिलंय. प्रत्येक वेळी दादा "बरं" म्हणाले. रागावून नाही, कंटाळूनही नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. दर महिन्याला ते मनुके आणत राहिले, पेले घासत राहिले आणि भाकर मोडायला घेतली की उठून बाहेर जात राहिले. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. कडुनिंबाखाली चिखल व्हायचा, तर ते एका विटेवर उभे राहायचे.

प्रोबेशन संपायला दोन महिने असताना दादा गेले. कचेरीतच, साहेबांचा पाण्याचा ग्लास हातात असताना.

मंडळीच्या कब्रस्तानात त्यांना जागा मिळाली नाही. नियम होता. पाळक आमच्या घरी येऊन लहान मुलासारखे रडले, पण नियम मोडायची त्यांची छाती झाली नाही. दादांना आमच्या समाजाच्या जागेत, ओढ्याच्या कडेला पुरलं. नांदेडहून सर आले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावूनच खड्ड्याशी प्रार्थना केली. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. ते काही बोलले नाहीत, आणि मला तेच सहन झालं नाही. पुढं आई गेली, ती मंडळीच्या कब्रस्तानात आहे. दोघांच्या मध्ये अख्खं लातूर आहे.

मी त्या नोकरीत तीस वर्षांवर काढली. घर बांधलं. मला काही कमी पडलं नाही. या सगळ्या वर्षांत प्रभुभोजनाच्या रविवारी मी चर्चला जायचं टाळत आले. निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात बाप्तिस्मा घेतला. नव्या पाळकांना वाटलं, उतारवयात देवाची ओढ लागली असेल. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला की थोड्यांसाठी, यावर अजून आमच्याकडे वाद होतात. तरुण पोरं मोबाईलवर वचनं काढून भांडतात. मला विचारतात, "आत्या, तुमचं काय मत?" मी मत देत नाही. एक माणूस कुणासाठी बाहेर राहिला, एवढंच मला पक्कं ठाऊक आहे. सगळ्यांसाठी नाही. थोड्यांसाठीही नाही. माझ्या एकटीसाठी.

माझ्या पहिल्या प्रभुभोजनाला ट्रे माझ्यापर्यंत आला. पेले तेच होते, काही फुटून नवे आलेले. मी एक उचलला आणि उठले. गुडघे दुखतात, त्यामुळे वेळ लागला. सगळे बघत होते. सेक्रेटरी, आता दुसरे, पुटपुटले, "आत्या, खाली बसून घ्यायचा असतो." मी पेला धरून हळूहळू दारापर्यंत गेले आणि बाहेर पडले. कडुनिंब केव्हाच तोडला, तिथं आता मोटारसायकली लावतात. चौकटीवर एक हात ठेवला आणि तिथंच उभी राहून प्याले.